गाडी गेली, नाव राहिले

दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात एका दिवंगत सहकाऱ्याच्या पत्नीचा दूरध्वनी आला. ‘भाईसाहेब, न्यायालयाची नोटीस आली आहे. यांची गाडी कुठल्याशा अपघातात सापडली म्हणे. पण गाडी तर आमच्याकडे नाहीच.’ नोटीस मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाची होती. माझ्या या सहकाऱ्याने निवृत्तीनंतर आपली गाडी ऑनलाइन जाहिरात देऊन एका तरुणाला विकली होती. ठरलेली किंमत पूर्ण मिळाली, किल्ल्या आणि आरसी बुक दिले, नमुना २९ आणि नमुना ३० वर सह्या करून दिल्या. बाकीचे ‘आरटीओत मी बघतो’ असे तो तरुण म्हणाला. त्याने ते कधीच बघितले नाही. काही महिन्यांनी गाडी त्याने पुढे विकली, तिसऱ्याच्या चालकाने एका सायकलस्वार मजुराला उडवले आणि त्या दिवशी गाडीचा विमा संपलेला होता. सरकारी नोंदवहीत मालक म्हणून माझ्या सहकाऱ्याचे नाव तसेच होते. तो हयात नसल्याने दाव्यात त्याच्या वारसांना पक्षकार केले गेले.

हा मनुष्य लेखा सेवेतला होता. इतरांच्या नस्त्यांतील त्रुटी काढण्यात त्याचे आयुष्य गेले होते. तरीही जुनी गाडी विकताना त्याचे लक्ष पैसे मिळण्यावर केंद्रित झाले आणि पैसे मिळताच व्यवहार संपला असे त्याने गृहीत धरले. गाडी विकणाऱ्या बहुतेकांचे असेच होते. फसवणुकीविषयीच्या सूचनाही आपल्याला पैशांपुरतेच सावध करतात: ओटीपी सांगू नका, अनोळखी दुव्यावर जाऊ नका. ते आवश्यकच आहे. पण मोटारीच्या विक्रीत दोन हस्तांतरणे असतात, एक पैशांचे आणि दुसरे नावाचे. या दोहोंमध्ये जो काळ जातो, त्यात विक्रेत्याचे खरे नुकसान दडलेले असते.

कायद्याची स्थिती आधी पाहू. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम २(३०) नुसार ज्याच्या नावे वाहनाची नोंदणी आहे तो मालक. कलम ५० नुसार, त्याच राज्यातील विक्री असेल तर विक्रेत्याने १४ दिवसांत नोंदणी प्राधिकाऱ्याला हस्तांतरण कळवायचे. गाडी दुसऱ्या राज्यात जात असेल तर ४५ दिवसांत, ना-हरकत प्रमाणपत्रासह. खरेदीदाराला ३० दिवसांची मुदत आहे. म्हणजे विक्री कळवण्याची जबाबदारी विक्रेत्यावर पहिल्यापासूनच आहे. पण ही गोष्ट शंभरातल्या किती विक्रेत्यांना माहीत असेल, याची मला शंका आहे. खरेदीदाराने नाव बदलले नाही तर त्याला होणारा दंड किरकोळ आहे. उलट नाव न बदलण्यात त्याचा फायदाच असतो. हस्तांतरणाचे शुल्क वाचते, नियमभंगाची चलने दुसऱ्याच्या पत्त्यावर जातात आणि गाडी पुढे विकायची झाल्यास मालकांच्या संख्येत भर पडत नाही.

‘नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार’ या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ६ फेब्रुवारी २०१८ रोजी दिलेला निकाल या संदर्भात प्रत्येक विक्रेत्याला ठाऊक असायला हवा. त्यातली गाडी मूळ मालकाने २००७ मध्ये विकली होती. पुढे ती पुन्हा विकली गेली आणि मे २००९ मध्ये अपघात झाला. या सगळ्या काळात नोंदवहीतले नाव पहिल्याच मालकाचे होते. पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयाने त्याला जबाबदारीतून मुक्त केले होते. सर्वोच्च न्यायालयाने ती जबाबदारी पुन्हा त्याच्यावर टाकली. न्यायालयाचे तर्कशास्त्र कठोर आहे, पण चुकीचे नाही. अपघातात ज्याने घरचा माणूस गमावला, त्याने नोंद न झालेल्या एकामागून एक विक्रींचा माग काढत हिंडावे, अशी अपेक्षा करता येत नाही. नोंदवही सांगते तो मालक. माझ्या सहकाऱ्याच्या पत्नीला हे समजावून सांगताना मला फार अवघड गेले.

नोंदवहीचा हा हट्ट आजचा नाही. चौदाव्या शतकाच्या आरंभी अलाउद्दीन खिलजीने लष्करातील घोड्यांना डाग देण्याची, म्हणजे तापलेल्या लोखंडाने खूण उमटवण्याची पद्धत कडक केली. हजेरीच्या वेळी चांगला घोडा दाखवून नंतर भलताच उभा करण्याचे प्रकार त्याला थांबवायचे होते. दिल्लीच्या घोडेबाजारातील दलालांना त्याने किती जरबेत ठेवले होते, हे बर्नीने लिहून ठेवले आहे. आजचा चॅसी क्रमांक हा त्या डागाचाच वंशज. भारतात मोटारींसाठी देशव्यापी कायदा १९१४ मध्ये आला, नंतर १९३९ चा आणि मग सध्याचा. या सर्व काळात वाहन ओळखण्याची साधने सुधारत गेली. वाहन कोणाच्या ताब्यात आहे, हे कळण्याची साधने मात्र तेवढी सुधारली नाहीत.

माझ्यावर ही वेळ २०२५ च्या सुरुवातीला आली. दिल्लीत राहणाऱ्यांना डिझेल गाडीच्या दहाव्या वर्षाची धास्ती असते. हरित लवादाचे आदेश, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांवर केलेले शिक्कामोर्तब, पुढे २०२५ च्या जुलैत अशा गाड्यांना इंधन नाकारण्याचा आणि काही दिवसांतच थांबवलेला प्रयोग, यांमुळे राजधानीतून जुन्या गाड्या शेजारच्या राज्यांत सतत जात राहिल्या. घाईने विकणाऱ्यांची संख्या जिथे मोठी, तिथे भामट्यांचीही गर्दी होते. माझी गाडी २०१५ ची. जाहिरात टाकल्यावर वीस मिनिटांच्या आत पहिला दूरध्वनी आला.

बोलणारा अत्यंत अदबीने बोलत होता. आपण लष्करात आहोत, बदली झाली आहे, गाडी पाहण्याची गरज नाही, छायाचित्रांवरून पसंत आहे, असे त्याने सांगितले. किंमत कमी करण्याचा प्रयत्नही केला नाही. लगेच गणवेशातील छायाचित्र आणि ओळखपत्र पाठवले. मग म्हणाला, ‘सर, आमच्या युनिटच्या खात्यातून पैसे येतील. तुम्हाला एक कोड पाठवतो, तो स्कॅन केला की आधी पाच रुपये येतील, मग बाकीचे.’ हा प्रकार आता पुष्कळांना माहीत आहे, तरी एक गोष्ट पुन्हा सांगतो. यूपीआयमध्ये पैसे घेण्यासाठी काहीही स्कॅन करावे लागत नाही आणि पिनही टाकावा लागत नाही. पिन टाकला की पैसे जातात. रिझर्व्ह बँकेने मार्च २०२२ मध्ये आर्थिक भामट्यांच्या कार्यपद्धतींविषयी जी पुस्तिका काढली, तीत ऑनलाइन वस्तू विकणाऱ्यांची खरेदीदार बनून केलेली फसवणूक नोंदवलेली आहे. दोन व्यक्तींमधल्या व्यवहारात यूपीआयवरून पैशांची ‘मागणी’ पाठवण्याची सोय ऑक्टोबर २०२५ पासून बंद झाली, हे चांगले झाले. क्यूआर कोड मात्र आहेतच. आणि फौजी गणवेशावरचा आपला विश्वासही तसाच आहे. भामट्यांचे खरे भांडवल तेच आहे.

याहून धोकादायक माणूस चौथ्या दिवशी भेटला, आणि त्याने मला एक रुपयाही मागितला नाही.

तो म्हणाला, माझे गाड्यांचे काम आहे, तुमची किंमत मान्य आहे. उद्या माझा मेहुणा गाडी बघायला येईल. त्याच्याशी माझे जुने येणे-जाणे आहे, हिशेब आमचा आम्ही पाहू, तुम्ही फक्त त्याच्याशी किमतीबद्दल बोलू नका. दुसऱ्या दिवशी एक सज्जन गृहस्थ आले, गाडी चालवून पाहिली, खूश झाले. मला काहीतरी खटकले म्हणून मी सरळ विचारले, ‘आपण त्यांचे कोण?’ ते म्हणाले, ‘मी कोणाचाच कोणी नाही. तुम्ही त्यांचे काका ना?’ माझ्याच गाडीची माझीच छायाचित्रे वापरून त्या मनुष्याने दुसरी जाहिरात दिली होती, माझ्या किमतीपेक्षा पाऊण लाखाने कमी. हे गृहस्थ गाडी पाहून समाधानी झाले की ते पैसे त्या दलालाच्या खात्यात भरणार होते आणि मग माझ्याकडे किल्ली मागणार होते.

या त्रिकोणी फसवणुकीत विक्रेता आणि खरेदीदार दोघेही प्रामाणिक असतात आणि दोघेही एकमेकांना भामट्याचा साथीदार समजतात. पैसे भरलेला माणूस गाडी सोडायला तयार नसतो. पैसे न मिळालेला गाडी द्यायला तयार नसतो. प्रकरण पोलीस ठाण्यात जाते, गाडी मुद्देमाल म्हणून आवारात उभी राहते आणि ज्याने हे सारे घडवले त्याचा क्रमांक तोवर बंद झालेला असतो. तोडगा अगदी साधा आहे, पण संकोची स्वभावाच्या माणसाला जड जातो. गाडी बघायला जो येईल, त्याच्याशी किमतीविषयी आपणच समोरासमोर बोलायचे आणि पैसे त्याच्याच खात्यातून घ्यायचे. ‘त्याच्याशी पैशांचे बोलू नका’ हे वाक्य कानावर आले की व्यवहार तिथेच थांबवावा. मीही त्या गृहस्थांना चहा दिला आणि आम्ही दोघांनी मिळून १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर तक्रार नोंदवली. पैसे गेलेले नसल्याने तिचे पुढे काय झाले ते कळले नाही.

पैसे घेण्यातही आणखी एक मेख आहे, आणि तिचा अनुभव आता वाढत्या संख्येने लोकांना येतो. रक्कम खरोखरच खात्यात जमा होते, आपण गाडी देतो आणि काही दिवसांनी खाते गोठवले जाते. कारण ती रक्कम दुसऱ्याच राज्यातील कोणाची तरी लुटलेली असते. फसवणुकीचा पैसा खात्याखात्यांतून पुढे सरकवताना शेवटी त्यातून एखादी वस्तू खरेदी करून तो बाजूला काढला जातो. जुनी मोटार ही त्यासाठी फार सोयीची वस्तू आहे. ज्या ठाण्यात तक्रार झाली तिथले पोलीस बँकेला कळवतात, बँक खाते बंद करते आणि निवृत्तिवेतनावर जगणारा मनुष्य हजार किलोमीटरवरच्या तपास अधिकाऱ्याला दूरध्वनी करीत बसतो. केरळ उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये अशा प्रकरणांत संपूर्ण खाते न गोठवता केवळ वादातील रकमेपुरती कारवाई ठेवण्याचे निर्देश दिले. हे तत्त्व देशभर सारख्या रीतीने पाळले जायला हवे. तोवर विक्रेत्याने दक्षता घ्यायची ती अशी: पैसे खरेदीदाराच्याच नावाच्या खात्यातून यावेत, ‘मित्राच्या’, ‘मालकाच्या’ किंवा तीन-चार वेगवेगळ्या खात्यांतून नव्हे. खरेदीदाराचे ओळखपत्र आणि पैसे पाठवणाऱ्या खात्यावरील नाव जुळवून पाहावे. शक्य असेल तर दोघांनी मिळून बँकेच्या शाखेत जावे. मोबाइलवर आलेला संदेश किंवा समोरच्याने दाखवलेले पडद्याचे छायाचित्र हा पुरावा नाही. आपल्या खात्यातली शिल्लक आपण स्वतः पाहावी.

मग काही जण रोखीचा सल्ला देतात. प्राप्तिकर कायद्यानुसार एका व्यवहारात २ लाख रुपये किंवा त्याहून अधिक रोख स्वीकारण्यास २०१७ पासून मनाई आहे आणि दंड घेणाऱ्याला होतो, तोही घेतलेल्या रकमेइतका. रोख देणारा मात्र नामानिराळा राहतो.

कागदपत्रांचीही एक बाजू आहे. आरसी, विमा आणि आधार यांची स्वच्छ छायाचित्रे पहिल्याच संभाषणात मागणारा बहुधा गाडीचा ग्राहक नसतो. त्याच कागदांवर तो उद्या ‘मालक’ म्हणून दुसऱ्याला गाडी विकायला काढतो आणि विश्वास बसावा म्हणून तुमचे आधार त्याला पाठवतो. द्यायचेच तर क्रमांकाचे पहिले आठ अंक झाकलेले आधार द्यावे आणि प्रतीवर कोणासाठी, कशासाठी, कोणत्या दिवशी दिले ते आडवे लिहून द्यावे. आमच्या पिढीला कार्यालयात ही सवय होती, घरी मात्र आपण ती विसरतो. चाचणीसाठी गाडी देताना शेजारी बसावे, किल्ली हातची सोडू नये. तारण म्हणून लावून गेलेली दुचाकी चोरीची निघाल्याचे प्रकार घडले आहेत.

कोऱ्या नमुन्यांवर सह्या करून देण्याची प्रथा ही या साऱ्याच्या मुळाशी आहे. खरेदीदाराचे नाव, पत्ता आणि तारीख रिकामी असलेले नमुना २९ आणि ३० ज्याच्या हाती असतात, त्याला ती गाडी कितीही वेळा फिरवता येते. माझ्या सेवेच्या काळात एका राज्याच्या परिवहन विभागाचे काम काही काळ माझ्याकडे होते. तेव्हा दलालांच्या पेट्यांत असे शेकडो सह्या केलेले कागद असत आणि ते सर्वांना माहीत असे. आता ‘वाहन’ प्रणालीवर बरेच काम ऑनलाइन होते, ओटीपी नोंदणीकृत मोबाइलवर येतो. पण दहा वर्षांपूर्वीच्या गाडीवर नोंदलेला क्रमांक बहुतेक वेळा विक्रेत्या दालनाचा किंवा एखाद्या एजंटचा असतो. गाडी विकायला काढण्याआधी तो क्रमांक आपला करून घेणे, हे जाहिरातीच्याही आधीचे काम आहे.

विक्रेत्याच्या नोंदीचा प्रश्न राज्याच्या सुरक्षेलाही भिडतो. १३ डिसेंबर २००१ रोजी संसदेवर हल्ला करणारे ज्या अॅम्बेसेडर मोटारीतून आले, ती दोनच दिवस आधी करोल बागेतील जुन्या गाड्यांच्या एका विक्रेत्याकडून घेतलेली होती; हे न्यायालयीन नोंदींत आहे. १० नोव्हेंबर २०२५ रोजी लाल किल्ल्याजवळ स्फोट झाला, तेव्हा त्या हरियाणात नोंदलेल्या गाडीचा माग काढताना पोलीस प्रथम अशा व्यक्तीकडे पोहोचले, जिने ती केव्हाच विकलेली होती. ती गाडी अनेक हातांतून गेली होती. अशा वेळी तपास यंत्रणेचे पहिले काही तास अत्यंत मोलाचे असतात आणि एका निरपराध माणसाची ती रात्र कशी जाते याची कल्पनाच केलेली बरी.

केंद्र सरकारला ही फट दिसलेली नाही असे नाही. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत ५५अ पासून पुढचे नियम घातले गेले आणि ते १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले. त्यांनुसार जुन्या गाड्यांच्या विक्रेत्याला नोंदणी प्राधिकाऱ्याकडून अधिकारपत्र घ्यावे लागते. मालकाने अशा अधिकृत विक्रेत्याला गाडी दिली की दोघांनी मिळून ऑनलाइन कळवायचे; त्यानंतर तो विक्रेता मानीव मालक ठरतो आणि गाडीच्या बाबतीत जे घडेल त्याला तो जबाबदार असतो. गाडी कोठे, कशासाठी नेली याची इलेक्ट्रॉनिक नोंदवहीही त्याने ठेवायची आहे. नियम उत्तम आहे. आपल्या शहरातल्या जुन्या गाड्यांच्या बाजारात जाऊन किती जणांकडे हे अधिकारपत्र आहे, हे वाचकांनी विचारून पाहावे.

पण माणसाने माणसाला थेट गाडी विकली तर यातले काहीच लागू होत नाही. तिथे विक्रेत्याने कळवले तरी खरेदीदाराचा अर्ज पूर्ण होईपर्यंत मालक तोच. ब्रिटनमध्ये विक्रेता वाहन नोंदणी संस्थेला विक्री झाल्याचे स्वतः ऑनलाइन कळवतो आणि त्याची लेखी पोच त्याला मिळते. कॅलिफोर्नियात विक्रेत्याने पाच दिवसांत ‘जबाबदारीतून मुक्तते’ची सूचना दाखल करायची असते. आपल्याकडे मानीव मालकाची संकल्पना नियमांत आलेलीच आहे. ती खासगी व्यवहारांना लावण्यास कोणती अडचण आहे? विक्रेत्याने आणि खरेदीदाराने आधारच्या प्रमाणीकरणाने ऑनलाइन विक्री कळवली की त्या क्षणापासून नोंदवहीत ‘ताबा हस्तांतरित’ असा शेरा दिसावा, चलने खरेदीदाराला जावीत आणि मुदतीत नाव न बदलल्यास गाडीचा विमा आणि प्रदूषण प्रमाणपत्र यांचे नूतनीकरण अडावे. अपघातग्रस्ताचेही यात नुकसान नाही, कारण जबाबदार कोण हे त्याला त्याच नोंदवहीतून कळेल. मंत्रालयात बसून अशा टिप्पण्या मी पुष्कळ लिहिल्या आहेत, त्यामुळे आक्षेप कोणते येतील तेही ठाऊक आहे: राज्यांचा महसूल, राज्याराज्यांतील करांची तफावत, खोट्या सूचनांची भीती. यांपैकी पहिले दोन आक्षेप ना-हरकत प्रमाणपत्राच्या विलंबाचेच दुसरे नाव आहेत. तिसऱ्यात तथ्य आहे आणि म्हणूनच सूचना दोघांच्या प्रमाणीकरणाने व्हावी.

माझी गाडी शेवटी मुरादाबादच्या एका शाळामास्तरांनी घेतली. ना-हरकत प्रमाणपत्र हाती येईपर्यंत मी किल्ली दिली नाही, आणि त्यांनीही तोवर विसाराखेरीज पैसे दिले नाहीत. दोघांनाही एकमेकांच्या सावधपणाचा राग आला नाही. फास्टॅग माझ्या बँक खात्याशी जोडलेला होता, तो त्याच दिवशी बंद केला. विम्यावरची ‘दावा नाही’ सवलत मालकाची असते, गाडीची नव्हे. तिचे प्रमाणपत्र विमा कंपनीकडून मागून घेतले. ताबापावतीवर दिनांक, वेळ, किलोमीटरचा आकडा आणि ‘या क्षणानंतरच्या सर्व घटनांची जबाबदारी खरेदीदाराची’ असे लिहून दोघांच्या आणि एका शेजाऱ्याच्या सह्या घेतल्या. अशी पावती नोंदवहीची जागा घेत नाही, पण पोलिसांना दाखवायला उपयोगी पडते. नाव बदलल्याचे ‘वाहन’वर दिसायला दोन महिन्यांहून अधिक काळ लागला. तोवर मी दर सोमवारी क्रमांक टाकून पाहत असे आणि मास्तर न चुकता सांगत, ‘साहेब, फाइल पुढे गेली आहे.’

सहकाऱ्याच्या पत्नीचा दावा अजून चालू आहे. मागच्या महिन्यात त्यांना नवऱ्याच्या कपाटात ताबापावती सापडली आणि त्या मोठ्या आशेने ती घेऊन माझ्याकडे आल्या. पावती त्याच्या नेहमीच्या नीटस अक्षरात होती. दिनांक होता, वेळ होती, किलोमीटरचा आकडाही होता. खरेदीदाराच्या सहीची जागा रिकामी होती. वकिलांना ती दाखवा, असे मी म्हणालो. पुढची तारीख पुढच्या आठवड्यात आहे.